आधी एक दिवस नळ बंद करून बघा, मग खरेदी करा

प्रश्न असा आला आहे: घरात पाच माणसं. नवरा-बायको, इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाई, आठ वर्षांची मुलगी आणि नऊ महिन्यांचं बाळ. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. अचानक संकट आलं तर हाताशी असावं म्हणून घरात काय आणि किती ठेवायचं, याची यादी हवी आहे. जागा कमी आहे आणि उगाच खर्च नको आहे.

मी गेली बावीस वर्षं पूर, भूकंप, वादळ यांच्यानंतर उभारलेल्या निवाऱ्यांमध्ये पाणी आणि स्वच्छतेचं काम करते. त्या अनुभवावरून सांगते, यादी घेऊन बाजारात जाणं हे दुसरं काम. पहिलं काम म्हणजे एखाद्या शनिवारी सकाळी सात वाजता घरातला पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा, गॅस बंद करायचा, दिवे-पंखे लावायचे नाहीत, आणि रविवारी सकाळी सातपर्यंत तसंच राहायचं. बाळ आहे म्हणून आदल्या रात्री दोन बादल्या झाकून ठेवा, आणि इन्सुलिन असलेला फ्रिज मात्र चालूच राहू द्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कोरा कागद चिकटवा. ज्या ज्या वेळी हात नळाकडे, बटणाकडे किंवा शेगडीकडे जाईल, त्या वेळी कशासाठी गेला ते एका ओळीत लिहा.

मी हा कागद अनेक घरांत लिहून घेतला आहे. लोकांना वाटतं, त्यावर ‘पिणे’ आणि ‘स्वयंपाक’ हेच जास्त वेळा येईल. प्रत्यक्षात येतं ते असं: बाळाचं ढुंगण धुतलेला हात धुवायला. सांडलेलं दूध पुसायला. गोळी घ्यायला. फ्लश. फ्लश. रात्री बाथरूमला जाताना चष्मा सापडेना. पुन्हा फ्लश. तुमच्या घरात कशाचा किती साठा लागेल हे त्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्या कुणाच्या यादीत ते सापडत नाही.

संकट कुठलं येणार याचा फार विचार करत बसू नका. पूर असो, भूकंप असो, साथ असो की वीजवाहिन्या बंद पडलेल्या असोत, घरातल्या माणसाच्या वाट्याला त्यातून चार-पाचच गोष्टी येतात. नळ थांबतो, वीज थांबते, इंधन संपतं, घराबाहेर पडता येत नाही, किंवा उलट घर सोडून निघावं लागतं. साठा या अडचणींसाठी करायचा.

किती दिवसांचा? वेगवेगळ्या देशांच्या शिफारशी वेगळ्या आहेत. युरोपीय महासंघाने मार्च २०२५ मध्ये आपल्या नागरिकांना किमान ७२ तास स्वतःच्या बळावर काढता येतील एवढी तयारी ठेवायला सांगितलं. स्वीडनचं सरकार आठवडाभराची तयारी सांगतं, जर्मनी दहा दिवसांची. माझं मत विचाराल तर या महिन्यात तीन दिवसांची तयारी पुरी करा, पुढच्या तीन-चार महिन्यांत ती आठवड्यापर्यंत न्या, आणि औषधं मात्र पहिल्यापासून दोन आठवड्यांची ठेवा. तीन दिवस यासाठी की बाहेरची मदत पोचायला सहसा तेवढा वेळ जातोच. आणि जी घरं तेवढं निभावतात, त्यांच्यामुळे मदतीचा ओघ जे खरोखर अडकलेत त्यांच्याकडे वळतो.

आता पाणी. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण निवाऱ्यात येणारी माणसं उपाशी असल्यामुळे क्वचितच आजारी पडतात; खराब पाणी आणि न धुतलेले हात यांमुळे मात्र हमखास पडतात.

पिणं, थोडा स्वयंपाक आणि हात-तोंड धुणं एवढ्यासाठी माणशी दिवसाला ४ लिटर हा हिशेब बऱ्याच ठिकाणी धरतात. तुम्ही पाचजण, म्हणजे दिवसाला २० लिटर, तीन दिवसांना ६० आणि आठवड्याला १४०. बाळ कमी पितं म्हणून त्याला हिशेबातून वगळू नका; त्याच्या स्वच्छतेला जास्तच लागतं. हे ४ लिटर म्हणजे तगून राहण्याचं पाणी आहे. मदतकार्यात आम्ही स्फिअर नावाची आंतरराष्ट्रीय मानकं पाळतो, त्यांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर सांगितले आहेत, कारण अंघोळ, कपडे, भांडी हे सगळं फार दिवस टाळता येत नाही. तेव्हा पिण्याचं पाणी वेगळं आणि वापरायचं पाणी वेगळं, असे दोन साठे मनात ठेवा. वापरायच्या पाण्यासाठी मोठा ड्रम घेण्याची गरज नाही. धोक्याची सूचना मिळाली की लगेच घरातल्या सगळ्या बादल्या, पातेली, कुकर, जे भरता येईल ते भरून झाका. सूचना मिळून नळ जाईपर्यंत बरेचदा थोडा वेळ मिळतो आणि लोक तो वेळ फोनवर घालवतात.

पिण्याचं पाणी कशात ठेवायचं याबद्दल एक घर सांगते. पाणीपुरवठा तुटल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही एका इमारतीत गेलो. एकट्या राहणाऱ्या आजी. ओठ सुकलेले, जीभ कोरडी. आणि स्वयंपाकघरात २० लिटरचा सीलबंद जार, काठोकाठ भरलेला, जमिनीवर. मुलाने आणून ठेवला होता. आजींना तो उचलता येत नव्हता, वाकडा करता येत नव्हता, झाकणाचं सील बोटांनी निघत नव्हतं. शेजारचं कुणी येईल म्हणून त्या थांबल्या होत्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, लिफ्ट बंद असेल, तुमच्या कडेवर बाळ असेल. म्हणून ५ किंवा १० लिटरचे, पकडायला मूठ असलेले डबे घ्या आणि त्यांतल्या दोनांना तरी खाली तोटी असू द्या.

डबे अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकचेच हवेत. पूर्वी रसायन, कीटकनाशक किंवा डिटर्जंट भरलेला डबा कितीही धुतला तरी घेऊ नका. दुधाच्या बाटल्याही नकोत. त्यांच्या भिंतींना चिकटलेला दुधाचा अंश निघत नाही आणि पाणी लवकर खराब होतं. भरण्याआधी डबा साबणाने धुवा. मग एक लिटर पाण्यात एक चमचा (५ मिलि) साधं, सुगंध न घातलेलं घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) घालून ते पाणी आतून सगळीकडे फिरवा, अर्धा मिनिट थांबा, ओतून टाका आणि स्वच्छ पाण्याने विसळा. घरी भरलेलं पाणी सहा महिन्यांनी बदला. कोपऱ्यावर भरल्याची तारीख लिहा. ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा आणि रॉकेल, पेट्रोल, किटकनाशक यांच्या शेजारी अजिबात नको, कारण त्यांची वाफ प्लास्टिकमधून आत शिरते.

साठा संपला आणि बाहेरून संशयास्पद पाणी आणावं लागलं तर काय? उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी फुटल्यापासून एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं. इंधन वाचवायला लोक दहा-पंधरा मिनिटं उकळण्याऐवजी उकळणंच सोडून देतात, म्हणून हे एक मिनिट लक्षात ठेवा. उकळणं शक्य नसेल तर ५ ते ६ टक्क्यांचं साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, लिटरला २ थेंब, २० लिटरला सुमारे २ मिलि. ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग झाकण उघडून वास घ्या. क्लोरीनचा हलका वास आला पाहिजे. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा घाला आणि आणखी पाव तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी ते स्थिर होऊ द्या, स्वच्छ कापडाच्या चार घड्यांतून गाळा आणि मात्रा दुप्पट करा. ब्लीचच्या बाटलीवर टक्केवारी वाचल्याशिवाय थेंब मोजू नका, सुगंधी ब्लीच पाण्यात वापरू नका, आणि वर्षभर जुनं झालेलं बदला. ते आपोआप कमजोर होत जातं. दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये, विशेषतः आम्लात किंवा अमोनियात, ते कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. आणि एवढं करूनही रसायन मिसळलेलं किंवा तेलाचा तवंग असलेलं पाणी पिण्याजोगं होत नाही, ना उकळून, ना थेंबांनी.

घरात एक विसरलेला साठा असतो. टाकीचा गिझर. त्याची वीज किंवा गॅस आधी बंद करा, पाणी थंड होऊ द्या आणि खालच्या तोटीने काढा. पुन्हा पूर्ण भरल्याशिवाय तो चालू करायचा नाही. फ्लशच्या वरच्या टाकीतलं पाणीही वापरायला चालतं, मात्र त्यात निळी गोळी टाकलेली नसेल तरच.

पाण्याला लागूनच संडास. ही गोष्ट कुणी विचारत नाही, लाजतात, आणि मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या घराला तोंड द्यावं लागतं. नळ नसला तरी सांडपाण्याची वाहिनी ठीक असेल तर वापरलेलं पाणी बादलीने जोरात ओतलं की भांडं साफ होतं. प्रत्येक वेळी ओतायची गरज नाही. लघवीनंतर दोन-तीनदा मिळून एकदा चालेल. भूकंपानंतर मात्र वाहिनी तपासल्याशिवाय काही ओतू नका, तुमचं ओतलेलं खालच्या मजल्यावरच्या घरात वर येऊ शकतं. तेव्हा दोन घट्ट झाकणांच्या बादल्या, त्यांत बसणाऱ्या जाड पिशव्या आणि लाकडाचा भुसा किंवा राख. एका बादलीत फक्त लघवी, दुसरीत शौच, आणि प्रत्येक वेळी वर मूठभर भुसा. दोन्ही वेगळं ठेवलं की वास बराच कमी होतो. हे मी स्वतः आठवडे-आठवडे वापरलं आहे, जमतं.

हात धुवायला नळ लागत नाही. बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने बारीक छिद्रं पाडा, बाटली उलटी टांगा, हलकी दाबली की धार येते. दोन्ही हात साबणाने धुवायला त्यातून पेलाभर पाणीसुद्धा लागत नाही. तुमच्या मुलीला हे करायला द्या, आठ वर्षांची मुलं या कामात फार चोख असतात.

सॅनिटरी पॅड महिन्याभराचे जास्तीचे ठेवा. बाळाचे डायपर दिवसाला सहा धरले तर आठवड्याला ४२. एक न उघडलेलं पाकीट कायम शिल्लक असू द्या आणि बाळ वाढलं की माप बदला. गेल्या वर्षीच्या मापाचे डायपर जपून ठेवलेले मी पाहिले आहेत.

बाळ अंगावर पीत असेल तर ते चालू ठेवा, आणि ताणामुळे दूध आटतं असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. ताणामुळे दूध उतरायला थोडा वेळ लागू शकतो, पण बाळाला वारंवार पाजत राहिलं की दूध तयार होत राहतं. आईला मात्र इतरांपेक्षा जास्त पाणी द्या, सगळ्यांच्या आधी द्या. वरचं दूध चालू असेल तर पावडरीचा आठवड्याचा साठा आणि ती कालवायला उकळून निववलेलं पाणी हवं. पाणीटंचाईत बाटली आणि निपल नीट स्वच्छ होत नाहीत. नऊ महिन्यांचं बाळ वाटीने किंवा छोट्या पेल्याने पिऊ शकतं आणि वाटी धुणं सोपं. आत्तापासूनच दिवसातून एकदा तसं पाजायची सवय लावा.

आता सासूबाई. तुमच्या घरातला सगळ्यात नाजूक धागा हा आहे, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायची पहिली वेळ याच आठवड्यात घ्या. नेहमीच्या इन्सुलिनखेरीज किमान दोन आठवड्यांचं जास्तीचं, सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि मीटरची बॅटरी. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं, हे तुम्हाला ठाऊक असेल. वीज गेली की घरचे घाबरतात आणि कुपी बर्फात खुपसून ठेवतात. ती गोठली तर वाया गेली, परत पातळ झाली तरी वापरता येत नाही. त्या मानाने उबेला ते बरंच सोसतं: बहुतेक प्रकारचं इन्सुलिन ३० अंशांच्या आतल्या खोलीत साधारण २८ दिवस चालतं, नेमके दिवस त्याच्या पत्रकात दिलेले असतात, ते वाचून खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत घरोघरी जेवढी उष्णता असते तेवढ्यात इन्सुलिन कसं टिकतं, हे डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी मिळून तपासलं आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही ते चार आठवडे टिकल्याचं दिसलं. याचा अर्थ निष्काळजी राहा असा नाही. फ्रिज सहा तास बंद पडला म्हणून महिन्याचं इन्सुलिन फेकू नका, एवढाच अर्थ घ्या. ओलं कापड गुंडाळलेलं मातीचं भांडं सावलीत, वारा लागेल असं ठेवलं तर आतलं तापमान बाहेरपेक्षा कमी राहतं. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात ठेवा.

संकटात जेवणाच्या वेळा चुकतात आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर एकदम उतरते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ. अशा वेळी १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, थोड्या पाण्यात लगेच द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. साखरेची एक छोटी डबी त्यांच्या उशाशी आणि एक निघायच्या पिशवीत असू द्या. या गोष्टी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आणि मुलीलाही ठाऊक हव्यात.

इतर औषधांचंही तसंच. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, फिटच्या गोळ्या मध्येच थांबवणं धोक्याचं असतं. प्रत्येकाच्या औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ कागदावर लिहा, कारण निवाऱ्यात येणारी निम्मी माणसं ‘ती छोटी गुलाबी गोळी’ एवढंच सांगतात. जुना चष्मा टाकू नका, तो साठ्यात ठेवा.

जुलाब लागले तर द्यायला क्षारसंजीवनीची (ओआरएस) दहा पाकिटं घ्या. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा ५ मिलिचा. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, म्हणून अंदाजाने नाही, मोजून. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्या.

जेवणाचं मी थोडक्यात सांगते, कारण याबाबत घरं सहसा आधीच श्रीमंत असतात. सरासरी माणशी २१०० कॅलरी धरा. कोरडं धान्य आणि डाळ १०० ग्रॅमला सुमारे ३५०, तेल १०० ग्रॅमला ९००. म्हणजे बाळ सोडून तुम्हा चौघांना दिवसाला पावणेदोन किलो धान्य-डाळी, दीडशे ग्रॅम तेल, थोडे शेंगदाणे आणि साखर एवढ्यात भागतं. आठवड्याला धान्य-डाळी सुमारे बारा किलो. एवढं तुमच्या स्वयंपाकघरात बहुधा आत्ताही असेल. कमी पडतं ते शिजवायचं पाणी आणि इंधन. म्हणून पहिल्या दिवसाचं सगळं खाणं न शिजवता खाता येईल असं ठेवा: भाजलेले दाणे, सुका मेवा, डबाबंद पदार्थ, बिस्किटं. डबे असतील तर हाताने फिरवायचा ओपनरही. सासूबाईंसाठी बिस्किटांवर भिस्त नको. दाणे, फुटाणे, डबाबंद कडधान्यं बरी. बाळासाठी मऊ करता येईल असं काहीतरी. आणि जे एरवी खात नाही ते साठवू नका, भेदरलेलं मूल अनोळखी चवीला तोंड लावत नाही.

इंधन वाचवायची एक जुनी युक्ती फार कामाची आहे. डाळ रात्रभर भिजवा. भांडं खळखळून उकळलं की घट्ट झाकण लावून जाड घोंगडीत किंवा गोधडीत गच्च गुंडाळा आणि तीन-चार तास हात लावू नका. आतल्या उष्णतेवरच भात शिजतो, डाळ मऊ होते. खायच्या आधी पुन्हा एकदा उकळी आणा. भांडं मोठं आणि भरलेलं असेल तेवढं हे नीट जमतं.

फ्रिज न उघडता चार तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. एका वाटीत पाणी गोठवा, त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्ये राहू द्या. बाहेरगावाहून परत आलात आणि नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर तुमच्या मागे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे हे कळतं. ते अन्न खाऊ नका. फुगलेला किंवा दाबल्यावर टक्कन आवाज करणारा डबा उघडूही नका.

साठा वेगळ्या पेटीत बंद करून ठेवायचा मोह टाळा. मी तेच केलं होतं. नवीन असताना उत्साहाने एक पत्र्याची पेटी भरली, पलंगाखाली ढकलली आणि तीन वर्षांनी उघडली. बिस्किटांना साबणाचा वास लागला होता, पाकिटं न फुटताही. मेणबत्त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. टॉर्चचं झाकण फिरवताना करकरलं. आत स्प्रिंगवर हिरवट-पांढरी भुकटी जमली होती, सेल गळून टॉर्च कायमचा गेला होता. त्या दिवसापासून माझा साठा रोजच्या कपाटातच असतो. तेलाच्या दोन बाटल्या असतील तर एक वापरात, एक मागे. वापरातली संपली की मागची पुढे येते आणि बाजारातून आलेली मागे जाते. जपानमध्ये सरकार लोकांना हीच पद्धत शिकवतं. यात वेगळी जागा लागत नाही आणि काही फुकट जात नाही. साबण, ब्लीच आणि खाणं मात्र कधीही एका कपाटात नको.

उजेडासाठी मेणबत्त्या नकोत. बाळ, अंधार, घोंगड्या आणि उघडी ज्योत हे एकत्र आलं की आग लागते. कपाळाला बांधायचे दोन टॉर्च घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. साध्या टॉर्चवर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवली की खोलीभर उजेड पसरतो. सेल टॉर्चमधून काढून शेजारी ठेवा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण ६,००० ते ६,५०० एवढंच फोनपर्यंत पोचतं. दर तीन महिन्यांनी ती चार्ज करा. फोन लागत नसेल तेव्हा एसएमएस अनेकदा जातो. दुसऱ्या गावातल्या एका नातेवाइकाचा नंबर ठरवा, सगळ्यांनी त्यांना कळवायचं. सेलवर चालणारा छोटा रेडिओ जुनाट वाटेल, पण २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये सगळीकडची वीज गेली तेव्हा लोक रेडिओच शोधत होते. कार्डंही चालत नव्हती. म्हणून थोडी रोख, लहान नोटांमध्ये.

एक गोष्ट अगदी कळकळीने. वीज नाही, थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी खोलीत आणू नका, जनरेटर बाल्कनीत लावू नका. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातो. संकटातून वाचलेली कुटुंबं त्यानंतरच्या रात्री अशी गेलेली मी पाहिली आहेत. जनरेटर घराच्या खिडक्या-दारांपासून किमान ६ मीटर दूर, उघड्यावर. तिसऱ्या मजल्यावर ते शक्य नाही, तेव्हा जनरेटरचा विचारच सोडा. जास्तीचं पेट्रोलही घरात नको.

निघायची पिशवी प्रत्येकाची वेगळी आणि त्याला स्वतःला उचलता येईल एवढीच. कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात, औषधं, कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली, शिट्टी, बाळाचं सामान. मुलीच्या पिशवीत तिचं नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि तिच्या आवडीचं एक खेळणं. प्रत्येकाच्या पलंगाखाली बूट आणि टॉर्च. भूकंपानंतर बऱ्याच जखमा अनवाणी पायात काच घुसून होतात. गॅस, वीज आणि पाणी कुठून बंद होतं ते घरातल्या सगळ्या मोठ्यांना हाताने करून दाखवा.

कुठे ठेवायचं? सगळं एका जागी नको, दार अडकलं की सगळंच गेलं. पाणी जमिनीलगत, दोन खोल्यांत विभागून. जड काही डोक्याच्या वर नको.

त्या शनिवारचा कागद भरला की मग खरेदीला जा, आणि सहा महिन्यांनी, पाणी बदलायच्या दिवशी, पुन्हा एकदा नळ बंद करून बघा. तेव्हा बाळ चालायला लागलेलं असेल, कागदावर वेगळंच काही येईल. आणि डबे घरात आणल्यावर पहिल्याच दिवशी सासूबाईंना एकटीने, कुणाच्या मदतीशिवाय, त्यातून एक पेला पाणी काढून बघायला सांगा. नाही काढता आलं, तर त्याच संध्याकाळी डबा बदलून आणा.